त्रेपन्न नंबरचं दार

रात्री अडीचला मी नियम लावला:
कुणी कुणाशी बोलायचं नाही.
आधी सगळं बंद, मग लागेल तेवढं उघडायचं,
आमच्या धंद्यात यालाच शहाणपण म्हणतात.
एक एंटर,
आणि चारशे बारा पॉड
आपापल्या जागी ओठ मिटून बसले.

त्याआधी तिथे नुसता चव्हाटा होता.
बिलांचं खातं औषधांच्या साठ्याशी, साठा कुरिअरशी,
कुणीही कुणाच्याही स्वयंपाकघरात.
मार्चमध्ये ऑडिटर म्हणाला होता,
"हे इतके का बोलतात एकमेकांशी?"
आणि फैजान मुजावर पुटपुटला होता,
"गावाकडचे आहेत, सर."

पॉडचं आयुष्य ते केवढं.
जन्मतो, पत्ता म्हणून एक आकडा मिळतो,
दुपारपर्यंत संपतो,
संध्याकाळी त्याच आकड्यावर दुसरंच कुणी राहायला येतं.
खराडीत आम्हीही तसेच, अकरा महिन्यांचे.
म्हणून पत्ता कुणी पाठ करत नाही.
नाव विचारायचं,
पत्ता तेवढ्यापुरता घ्यायचा.

पडद्यावर एकही घंटा नाही.
इतकं शांत, की वाटलं, जमलं.
फोन चार्जिंगला लावला, चपला घातल्या,
बायपासला सायकलवाल्याकडे चहा प्यायला उतरले.
लोहगावकडे एक विमान खाली येत होतं,
मुंढव्याच्या पुलाकडून जलपर्णीचा कुजका वास.

परतले तर गेटवर नवा पोरगा.
कडक कॉलर, हातात टॅब.
"ओटीपी सांगा."
फोन वर आहे.
"मग वरून कुणाला तरी परवानगी द्यायला सांगा."
वर कुणी नाही. वर मीच असते.
"मॅडम, तुम्ही वर असता
तर तुम्हाला लगेच सोडलं असतं."
हे तो अजिबात न हसता म्हणाला.

चूक त्याची नव्हती.
तासाभरापूर्वी मीही हेच केलं होतं,
चारशे बारा वेळा.

सव्वाचारला मोपेड आली, दोन्ही बाजूंना क्रेट.
हिंगमिरे एक पाय टेकवून म्हणाले,
"अरे, ह्या बी सातशे दोन.
अर्धा लिटर गाईचं, रविवारी एक पिशवी जादा,
दोन तारखेला पैसे."
फाटक सरकलं.
स्वतःची ओळख स्वतः देऊन भागत नाही,
तिसऱ्या कुणाची तरी सही लागते.
हे मी रोज प्रमाणपत्रांच्या बाबतीत लोकांना शिकवते.
पण हिंगमिऱ्यांना कुणीच काही विचारलं नाही.
का, म्हटलं.
पोरगा गोंधळला. "दूधवाला आहे ना तो."

लिफ्टमध्ये, चौथ्या मजल्याच्या आसपास,
मला घाम फुटला.

नाव विचारायचं दार. त्रेपन्न नंबरचं.
तेही मी लावून घेतलं होतं.
सगळे जिवंत, तब्येतीने ठणठणीत,
आणि कुणाला कुणाचाच पत्ता लागत नव्हता.
ओरडणारी घंटाही आतच कोंडलेली,
बाहेर पडायला तिलाही आधी
नावच विचारावं लागतं.

फोनवर अकरा मिस्ड कॉल.
रास्ता पेठेतल्या रात्रीच्या मेडिकलवाल्याने
फैजानला झोपेतून उठवलं होतं.
तो माणूस तीनपासून हाताने बिलं लिहीत होता,
आणि कार्बन पेपर संपत आला होता.

नऊ ओळी लिहिल्या.
सगळ्यांना मुभा, फक्त नाव विचारण्यापुरती,
फक्त त्या एका दाराशी.
मग कोंडलेल्या घंटा एकदम सुटल्या,
साठ, सत्तर, शेजारी जागे होतील इतक्या.
एकीलाही गप्प केलं नाही.

प्रत्येक नियमाला नाव द्यावं लागतं.
मी दिलं: दूधवाला.
पाच वाजता फैजानने तपासताना विचारलं,
हे काय?
राहू दे, म्हटलं.
दाराबाहेर कडीला पिशवी लटकत होती,
अजून गार.