पान एकोणसाठ

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सा आटोपली की
बालवाडीच्या खोलीत आम्ही बसतो.
सात जण, सहा खुर्च्या.
दाऊद तायडे खिडकीत टेकतो,
पँटला ट्रॅक्टरचं ग्रीस असतं म्हणून.
फळ्यावर क कमळाचा, शुक्रवारपासून तसाच.

चिटणीस मी.
शाखा डाकघरात एकवीस वर्षं
लोकांच्या पासबुकात खाडाखोड न करता आकडे लिहिले,
म्हणून वही माझ्याकडे आली.
पहिल्याच बैठकीत मी लिहिलं : ठराव.
फादरांनी हसत तो शब्द खोडला, वर लिहिलं : सूचना.
"कौन्सिल सल्ला देते, ताई. निर्णय धर्मगुरूचा."
नियम तसाच आहे. मी वाचलाय.

तेव्हापासून सगळ्या सूचनाच.
वेदीवरचा गळका पत्रा,
सणाच्या जेवणाला किती पायल्या गहू,
रेमंड इंगळे चक्कीवर दळून देईल, पण फुकट नाही,
कोणत्या दोन भावांनी एका बाकावर बसणं सोडलं,
अन् त्यांच्याकडे कोण जाणार.
जाणार शेवटी अंतोन कासदेकरच, सायकलवर,
आणि ते वहीत येत नाही.

मग तो मे महिना.
फादर केरळला, आईच्या ऑपरेशनला.
फोन लावला की एक बाई मल्याळममध्ये काहीतरी समजावायची.
आणि मंगळवारी दुपारी सगुणाबाई गेली,
जिनं तीस वर्षं चर्चचं आवार झाडलं, घंटा ओढली,
आणि स्नानसंस्कार कधीच घेतला नाही.
दर ईस्टरला यादीत नाव, दर ईस्टरला तिचं एकच :
"पुढल्या साली, बावा.
नवं नाव घेतलं, अन् वर मालक भेटले,
तं ते मले वळखतीन कसे?"

तिचे भाचे आले, सावलीत उभे राहिले.
म्हणाले, ती तुमचीच. तुमच्याच दारात मेली.
आमचं कब्रस्तान म्हणतं, नोंद दाखवा.
सेहेचाळीस डिग्री.
बर्फ परतवाड्याहून येईस्तोवर अर्धा वाहून जातो.

रात्री आठला आम्ही जमलो.
अध्यक्षांशिवाय बैठक होत नाही, हेही मी वाचलंय.
रेमंड म्हणाला, बिशप हाऊसला विचारू.
दाऊद म्हणाला, विचार, तोवर मी खड्डा खणतो.
दोघं इतक्या जोरात भांडले
की भिंतीवरचा पोपटाचा तक्ता खाली पडला.

तेव्हा मार्था जांबेकर बोलली,
जी चार वर्षांत फक्त ‘हाव’ म्हणाली होती.
"शेवटचं पाणी मीच देल्लं तिले."
कोणीच हललं नाही.
अंतोननं हळूच विचारलं,
"तोंडात पाजलं, का डोक्यावर ओतलं?"
"दोन्ही. आंग लय तापलं होतं."
"अन् म्हटलं काय?"
"काय म्हणू? देवाचं नाव घेतलं.
म्हटलं, घे माय."

पहाटे पाचला पुरली तिला, उन्हाच्या आधी.
प्रार्थना अंतोननं म्हटली, मधेच कोरकूत शिरला, परत आला.
दोर ओढायला उभं राहिलो तेव्हा कळलं,
तिला उंची पुरायची नाही म्हणून
दोराच्या टोकाला तिनं आपल्या लुगड्याची पट्टी बांधली होती.

पान एकोणसाठवर मी सगळं लिहिलं,
हजर सात, वेळ, खड्ड्याची जागा.
मथळ्याची ओळ मात्र कोरी सोडली.
आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द ठरवता आला नाही.

जूनमध्ये फादर परतले.
वही उभ्यानंच वाचली. पुन्हा वाचली.
पेनाचं टोपण काढलं, लावलं.
मथळ्यात काहीच भरलं नाही.
मग कपाटातून मृतांचं मोठं रजिस्टर काढलं,
नाव लिहिलं : सगुणा.
पुढच्या रकान्याशी हात थांबला,
स्नानसंस्काराची तारीख.

मार्था दारात होती, हातात झाडू.
"मार्थाबाई, त्या दिवशी तारीख कोणती होती?"
ती बराच वेळ आठवत राहिली.
"तारीख नाही ठाव, फादर.
ऊन लय होतं."