घंटागाडी

शनिवारी प्रयोगशाळेत कुणी नसतं.
तरी त्यांना जेवायला घालावंच लागतं,
दिवसाआड, गुलाबी पाणी, मापून पंधरा मिली.
बाहेर डंडी शहर तीन अंशांवर,
टे नदीवरून धुकं चढत आलंय पर्थ रोडपर्यंत,
आणि आत या पोलादी कपाटात सदतीस.
अकोल्याचा मार्च
या अख्ख्या गावात एवढ्या एका कपाटातच राहतो.

तिसऱ्या फळीवर डोनर सतरा.
नाव विचारायचं नसतं. स्त्री, वय त्र्याऐंशी,
बेचाळीस वर्षं हात थरथरतो, एवढंच कागदावर.
दंडाची तीन मिलिमीटर कातडी आली होती बर्फातून.
ती आम्ही मागे नेली, मागे,
कातडी होण्याच्याही मागे,
जिथे अजून काहीच ठरलेलं नसतं.
मग दुसऱ्या रस्त्याने पुढे आणली
आणि नऊ आठवड्यांत त्या पेशींनी एकमेकींकडे
बारीक धागे टाकले,
मेंदूतल्या टाकतात तसे.

वय पुसलं जातं यात. खरंच पुसलं जातं.
पुसलं गेलं नाही ते एक अक्षर.
आईकडून एक, बापाकडून एक,
दोघांनाही जन्मभर न बाधलेली
तीच चूक, दोनदा.

धाकट्या भावाने फोनवर विचारलं, म्हणजे नक्की बिघडतं काय?
घंटागाडी येत नाही रे, म्हटलं.
पेशीत शेकडो भट्ट्या असतात, रात्रंदिवस पेटलेल्या.
एखादी फुटली की कुणीतरी तिच्या दारावर खूण करतं,
खूण बघून गाडी येते, उचलून नेते.
हिच्याकडे खूण करणाराच जन्माला आला नाही.
फुटक्या भट्ट्या अंगणात धुमसत पडून.
आपल्याकडे येते का मग, रोज?
येते, म्हटलं.
पण वय झालं की खाडे करते.

गेल्या महिन्यात देणाऱ्यांना बोलावलं होतं, चहा-केकला.
नेटा गूर्ली. तिनेच पर्समधून चिठ्ठी काढून दाखवली: सतरा.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागलेली,
मागांच्या खडखडाटात ओठ वाचायला शिकलेली,
त्यामुळे माझं इंग्रजी तिने डोळ्यांनी ऐकलं.
मी म्हटलं, आमच्याकडे गहू गोणपाटातच यायचा.
ती म्हणाली,
शिवण उसवली नव्हती ना कधी?

मायक्रोस्कोपशी बसवलं तिला.
हात टेबलावर, टेबल थरथरलं,
काचेखालचं तिचं तिलाच दिसेना.
मी तिच्या मनगटावर हात ठेवला, जड, नुसता.
बराच वेळ बोलली नाही.
मग विचारलं, या थरथरतात का?

नाही, म्हटलं.
एकट्या पेशीला थरथरता येत नाही.
त्याला अख्खं माणूस लागतं.

म्हणजे ते सगळं मीच करते तर, ती म्हणाली,
आणि हसताना केकचा चुरा कोटावर सांडला.
परत घालता येतील या?
अजून नाही.
'अजून' मी सावकाश उच्चारला, ओठ नीट हलवून.
तिने तो वाचला,
शिवण तपासावी तसा दोन्हीकडून तपासला,
आणि बाजूला ठेवून दिला.

चौथ्या फळीवर डोनर चार.
तुलनेला कुणीतरी निरोगी लागतं, म्हणून मी.
वय चौतीस. नुसती कातडी, मागे न नेलेली.
बाविसाव्यांदा वाटून नव्या बशीत घातली
तेव्हा पेशी पसरट झाल्या, थबकल्या.
त्यांच्यातल्याच एका बशीला रंग देऊन पाहिला.
थकलेल्या निळ्या दिसतात त्यात.
आज मोजल्या: शंभरात एकोणीस.

वहीत आकडा लिहिला, खाली तारीख.
मग वाढलं,
आधी नेटाला, मग मला,
गुलाबी, पंधरा मिली.
थकलेल्यांना वगळून वाढायची
सोय नाही या बशीत.