फ्रीज वगळून

शुर्शो विचारतो, किती पॅनेल लागतील?
मी म्हणते, आधी तुला किती लागतं ते सांग.

मुरोसच्या धक्क्यावर ओहोटीने दोर ताणलेले.
मासळीच्या पावतीच्या पाठीवर आम्ही
आठ मीटरच्या बोटीचा एक दिवस मांडला:
नांगराचा दिवा, रात्रभर, दोन अँपिअर-तास.
रेडिओ तीन. गप्प असला तरी ऐकत असतो, त्याचंही पडतं.
फोन तीन. तळातला पंप एक
(बुडायला लागलो तर जास्त,
पण तेव्हा पेन्सिल कोण शोधणार).
सुकाणू धरणारं यंत्र वीस.
फ्रीज पंचेचाळीस.

पेन्सिल तिथंच अडली.
"बिअर," शुर्शो म्हणाला. एवढंच,
एखाद्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं.

पॅनेलवर शंभर वॅट लिहिलंय,
पण तो सूर्य कारखान्यातला.
आमचा गलिसियाचा. उशिरा येतो,
ढगाआडून सही करतो आणि निघतो.

मग पुठ्ठ्याचं पॅनेल कापून टपावर ठेवलं
आणि दिवसभर सावल्या पाहत बसलो.
डोलकाठीची फिरली. परबाणाची फिरली.
दुपारी मागच्या तारेची आली,
करंगळीएवढी,
आणि तेवढ्यावर अख्खी ओळ कामचुकार होते.

एलादिओने स्टीलच्या नळ्या वाकवून
पार मागे कमान उभी केली.
पैसे अर्धेच घेतले, उरलेल्याचे सल्ले दिले.
वायरीसाठी डेकला भोक मात्र मीच पाडलं.
चांगल्या कोरड्या बोटीला, आपल्या हाताने.
ड्रिल आत गेलं तेव्हा शुर्शो
चर्चच्या मनोऱ्याकडे बघत होता.
आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल,
हे तीनदा मोठ्याने म्हटलं
तरी बोटं जायची ती उलट वायरीकडेच.

बिअर आता तळात, पाण्याच्या रेषेखाली,
ओल्या पोत्यात. अटलांटिक फुकट गार करतो.
अगदी गार नाही.

आज ऊन लख्ख, आणि मीटर साडेपाचावरून
एकदम दोनवर.
फ्यूज बघितला, जोड बघितले, शुर्शोकडे बघितलं.
मग वर डोकं काढलं:
पॅनेलच्या मधोमध एक पाणकावळा,
दोन्ही पंख पसरून वाळवत उभा.

शुर्शोने हाकलायला हात उचलला.
मी म्हटलं, थांब जरा,
डावा अजून ओला आहे.