वीतभर

आयली कोस्केलाच्या घरावर जुनं धुराडं अजून उभं आहे.
थंडर बेमधली अर्धी घरं तशीच,
वर विटा शाबूत, आत काजळी आणि कावळ्याच्या काड्या.
नव्या फर्नेसला ते लागत नाही.
तिचा धूर म्हणजे धूरच नव्हे, कोमट वाफ,
हात धरला तर पोळत नाही.
तिला प्लास्टिकचे दोन पाइप पुरतात, भिंतीतून आडवे.
एकाने बाहेरची हवा आत घ्यायची,
दुसऱ्याने वापरलेली बाहेर टाकायची.
आपलं एका नाकात भागतं, तिचं नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. तलावावरचा वारा
मोटारीच्या दारात पाय घालून उभा.
तळघरात डेल पाइप कापत होता, माझा उमेदवार,
जिन्याखाली मान मोडून.
त्याला सांगत होतो, उतार फर्नेसकडे दे,
फुटाला पाव इंच.
पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधे आला
तर समज की चुकलं.
वाफेचं पाणी होतं, ते परत खाली यायला हवं,
नाहीतर पाइपाच्या पोटात साचतं आणि एखाद्या रात्री
गोठून बूच बसतं.
डेल मान हलवत होता. प्रायमरने त्याची बोटं जांभळी,
शेजाऱ्याच्या ब्लूबेऱ्या चोरल्यासारखी.

मग बाहेर, भिंतीपाशी.
तिथे लाकडांची रास. बर्च. सौनासाठी.
एकेक ओंडका असा बसवलेला की
मधे पत्ता सरकवता येणार नाही.
"हलवायची नाही," आयली म्हणाली.
"दोन वर्षं वाळतायत.
हलवशील, पण परत अशी रचणार नाहीस."
ते खरंच होतं.

म्हणून दोन्ही भोकं राशीच्या अलीकडे घेतली,
उरलेल्या जागेत, शेजारी शेजारी, एका उंचीवर.
पुस्तकात बारा इंच होते. माझे नऊ भरले.
वीतभर आहे की, मी मनात म्हटलं.
डेलने टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
टेप खटकन आत गेली.

फेब्रुवारीत फोन आला, पहाटे पाचला.
"ओरेस्त, तुझं यंत्र झोपलंय."
बाहेर उणे छत्तीस.
गेलो तर घरात कोणी नाही.
बाई सौना पेटवून आत बसलेली,
मांजर आणि रेडिओसकट, अंगात कोट.

भिंतीवर पाहिलं आणि कळलं.
आत घेणाऱ्या पाइपाला पांढरी दाढी फुटली होती,
मूठभर जाड, थरावर थर.
शेजारची वाफ वाऱ्याने वळायची
आणि ती रात्रभर तीच ओढत बसलेली,
स्वतःचीच उष्टी हवा,
घोटाघोटाने, घसा मिटेपर्यंत.

दाढी फोडली. उच्छ्वासाचा पाइप वळवून
वर नेला, आत घेणाऱ्यापासून दूर.
सिमेंटचा डबा काखेत धरून उबवावा लागला,
एवढ्या थंडीत ते पकडत नाही.
डेलने न सांगता टेप लावली. अठरा.
आकडा त्याने मोठ्याने वाचला नाही.

आयली कॉफी घेऊन बाहेर आली.
"आता किती?"
"अठरा."
"आधी?"
मी राशीकडे पाहिलं. ती अर्धी जळून गेली होती,
भिंत कमरेपर्यंत उघडी. पाहिजे तेवढी जागा.
"कमी," मी म्हटलं.
तिने माझ्याऐवजी पाइपाकडे पाहिलं, बराच वेळ.
"बिल पाठव."
"नाही पाठवणार."
"मग लाकडं सरकव. भिंतीला वारा लागू दे."

तळघरात आधी एक टिक, मग पंखा,
मग तो निळा फुस्स आवाज.
तिकडे आम्ही दोघं बर्च रचत होतो, हातमोज्यांतून,
दोन हात डावीकडे.
तिच्यासारखी रचली गेली नाहीत.
ती दारातून बघत होती, काही बोलली नाही.

वीस मिनिटं लागली.
मी घड्याळ बघितलं.
डेलनेही बघितलं असणार,
तो पाठमोरा होता.