शेऱ्याचा रकाना

फिरती डायरीत सहा रकाने.
तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर,
काय दिसलं, काय केलं,
आणि शेवटी बोटभर रुंदीचा, शेरा.

राधानगरीच्या वरच्या अंगाला माझं बीट.
रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर चढून,
तरी फोन येतातच.
"मॅडम, गवा उसात शिरलाय."
"मॅडम, गवा उसातनं निघंनाय."
एकदा तर थेट कोल्हापुरातनं बोलावणं,
पंचगंगेच्या काठी, गवा मधे
आणि भोवती हजारभर माणसं, मोबाईल वर धरून,
एक जण पोराला खांद्यावर घेऊन आणखी पुढं.
त्या रात्री मी गव्याला नाही, माणसांना हाकत होते.
आठ तास. "मागं सरा. मागं सरा ओ."
डायरीत लिहिलं : वन्यप्राणी सुरक्षित.
घसा चार दिवस बसला होता,
तो कुठल्या रकान्यात बसेना.

धरणाच्या मागच्या पाण्यावर
वाढदिवसाला आलेली इचलकरंजीची पोरं,
चौघं आली, तिघं परतली.
चौथ्याचे बूट मला कातळावर सापडले,
आत मोजे, घडी घातलेले.
त्याच्या आईनं बुटांकडे बघितलंच नाही.
मोजा हातात घेतला.
"व्हय, त्योच," म्हणाली, "त्योच असली घडी घालतोय."

खवल्या मांजराचं गिऱ्हाईक म्हणून
मीच गेले होते ढाब्यामागं,
बहिणीची पैठणी नेसून, खोट्या बांगड्या भरून.
बोली लाखावर गेली तेव्हा पदराखाली
हात थरथरत होता, त्यांना वाटलं हाव.
पंचनामा संपेपर्यंत ते जनावर
माझ्या मांडीवर चेंडू होऊन पडलेलं,
उलगडलंच नाही. मला तरी कशाला ओळखेल?

आणि बमू झोरे.

दोन सालांमागं, मार्चात, सडा पेटला.
आम्ही तिघं, एक ब्लोअर, तोही बंद पडलेला.
कुणी न सांगता बमू धनगरवाड्यावरनं उतरला,
जांभळीचा डहाळा मोडला
आणि पहाटेपर्यंत आगीला नुसता झोडपत राहिला,
जशी काही ती त्याच्या दारात आलेली.
उजाडल्यावर अर्धी भाकरी पुढं केली, काळ्या हातानं.
मी लिहिलं : स्थानिकांच्या मदतीने वणवा आटोक्यात.
स्थानिक म्हणजे बमू. एकटा.

परवा ओढ्याला सांबराची मादी,
गळ्यात मोटरसायकलच्या क्लचवायरचा फास.
तार इतकी आत गेलेली की
कटरचं टोक शिरायला जागा नव्हती.
तापत तापत श्वास घेत होती, मग नाही घेतला.
फासाच्या गाठीवर निळी चिकटपट्टी, तीन वेढे.
असलीच पट्टी मी कुऱ्हाडीच्या दांड्यावर बघितलेली,
भाकरी खाताना.

बमूनं नाही म्हटलं नाही.
"डुकरासाठी लावला हुता ओ.
नाचणा एका रातीत संपिवला."
त्याच्या भरपाईचा अर्ज मीच लिहून दिलेला,
तो कुठल्या तरी टेबलावर
कुठल्या तरी पेपरवेटखाली आहे अजून.
मी लिहीत गेले : बमू धाकू झोरे,
वय अंदाजे पन्नास, आरोपी क्रमांक एक.
क्रमांक दोन कुणी नव्हता.
त्यानं अंगठा दिला, शाई गवताला पुसली.

मग म्हणाला,
"आणि सात हायती. आत्ताच काढूया,
सकाळपतुर कायतरी घावंल त्यात."

बॅटरी माझी, वाट त्याची.
तो पुढं, मी मागं, कायद्यानं उलटं पाहिजे होतं.
करवंदीची फांदी माझ्या तोंडावर येऊ नये म्हणून
मी पार होईपर्यंत धरून उभा राहायचा,
मग सोडायचा, हळू.

सहा सापडले.
सातवा कुठं लावला, त्याला आठवेना.
"बॅटरी इझवा," म्हणाला.
अंधारात दोघं उकिडवे बसलो,
कुठं काही धडपडतंय का
ते ऐकत.