एक्केचाळीस नंबर

ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत,
गावातले सगळे हायड्रंट एकदा उघडून वाहते करायचे.
एकशे सहा.
लुसियन थिबोडोच्या वहीत प्रत्येकाचं एक पान,
कडेला पेन्सिलीने शेरे :
‘आखडू’, ‘कुत्रं आहे’, ‘डावं झाकण गळतं’.

मी शिकाऊ. पाना माझ्याकडे.
‘उघडताना हळू,’ तो म्हणतो, ‘मिटताना त्याहून हळू.
धावत्या पाण्याच्या तोंडावर दार आपटलंस
तर ते तीन गल्ल्या सोडून
कुणाचा तरी पाइप फोडून राग काढतं.’

पाणी आधी खोकतं.
मग काळं येतं, मग उकळत ठेवून विसरलेल्या चहासारखं.
वर्षभर नळाच्या पोटात निजलेला गंज
बर्च स्ट्रीटच्या उतारावरून
मेपलची पानं गोळा करत गटाराकडे निघतो.
लुसियन ते बरणीत धरून उजेडाला लावतो
(काकडीच्या लोणच्याची बरणी, लेबल अर्धं खरवडलेलं).
‘अजून नाही.’
चार मिनिटं.
‘अजून नाही.’

समोरून मिसेस पेल्की चादर घेऊन येतात.
सकाळी पांढरी होती, आता बदामी.
दारावर चिठ्ठी आठवडाभर होती,
पण चष्मा काय वेळेवर सापडतो?
लुसियन टोपी काढतो,
गाडीतून गंज काढायच्या पावडरीची पुडी आणून देतो.
पुड्या तो स्वतःच्या पैशाने घेतो,
हे मला ऑफिसातल्या बाईंकडून कळलं.

एक्केचाळीस नंबर सगळ्यात शेवटी.
रस्ता संपतो तिथे, रानाच्या तोंडाशी,
पुढे नळच नाही,
म्हणून पाणी तिथवर येतं आणि नुसतं बसून राहतं.
शेजारी रिकामा चौथरा,
तीन पायऱ्या, कुठेच न जाणाऱ्या.
वहीतल्या या पानावर शेरा नाही.
नियमाने दहा मिनिटं. तो पंचवीस सोडतो.
बरणी केव्हाच नितळ झालेली असते,
हद्दीपलीकडचं, कॅनडातलं आभाळ त्यात उलटं दिसतं.

मी विचारलं नाही. तरी पाणी कुठे मुरतंय
ते गावात कुणी ना कुणी सांगतंच :
नऊ वर्षांपूर्वीचा जानेवारी, रात्र,
कोपऱ्यावरचा व्हॉल्व अर्धा बंद,
कुणी केला, कधी केला, नोंद नाही.
होजमधून आलं ते करंगळीएवढं.
सगळे वाचले. म्हातारा सोडून.

मिटून झाल्यावर तो म्हणतो, ‘हात लाव.’
मी हायड्रंटच्या तोंडावर तळवा ठेवते.
आत उरलेलं पाणी खाली मातीत उतरत असतं,
आणि ते लोखंड माझी कातडी
हलकेच आत ओढून घेतं.
‘ओढ लागते ना?
नाही लागली तर पाणी आतच गोठतं,
मग ऐन वेळी हा मुका.’
लागते, मी सांगते.
तरी तो हातमोजा काढतो,
माझा हात बाजूला करून स्वतःचा ठेवतो
आणि ठेवूनच राहतो.
गाडीचं इंजिन चालू असतं.
मी वहीत वेळ लिहिते.