स्वल्पविरामानंतर

आमच्याकडे आकड्यात टिंब नसतं,
स्वल्पविराम असतो.
आधी तीन अंक, मग जरा थांबण्याची खूण,
आणि तिच्यापुढे पाच घरं.
त्या पाच घरांत कोण राहतं,
कधी विचारलं नव्हतं.

जुलै. गिरेसुनच्या उतारावर
समुद्राकडून वर चढणारं धुकं.
हेझलनट अजून हिरव्या झालरीत.
वरच्या गावात रेंज येते ती एकाच जागी,
सोसायटीच्या वजनकाट्यामागे,
ओउलजानच्या मामाच्या चहाच्या दुकानाबाहेर.
तिथल्या बाकावर मी आणि सिलानूर,
दोन फोन, एक चार्जर.

काल आत्याने माझा कॉफीचा कप उलटा करून पाहिला.
मासा दिसतोय म्हणाली, चांगलं होणार.
मासा कुठल्या शाखेला जातो
ते मी विचारलं नाही.
गेल्या वर्षी मला तीनशे नव्वद होते.
बसच्या ड्रायव्हरलासुद्धा पाठ आहेत.

चकरी फिरत राहिली.
सिलानूरने ओढणीच्या टोकाने काच पुसली,
जणू निकाल धुळीमुळे अडला होता.
मग तिचा आला:
चारशे अठरा, स्वल्पविराम, तीन एक पाच शून्य दोन.
मग माझा:
चारशे अठरा, स्वल्पविराम,
तीन शून्य सात एक चार.

आम्ही हसलो. मिठी मारली.
आणि मिठीतच, तिच्या खांद्यावरून,
मी वजाबाकी करून टाकली
हातचे घेत घेत.
तिनेही केली असणार.
तिचा श्वास मधेच अडला, एक मोजल्यासारखा.

क्रमांक पाहिले तेव्हा कळलं,
आमच्या दोघींच्या मधे अठरा जण आहेत.

आठ वर्षं एका बाकावर बसलो,
एक खोडरबर ब्लेडने कापून वाटून घेतला,
आणि आता मधे अठरा जण.
कार्सचा कुणी, परीक्षेच्या दिवशी तापात असलेला.
कुणी मुलाबरोबर फॉर्म भरलेली चाळिशीची आई;
मुलगा कुठे आहे, पुढे की मागे, देव जाणे.
कुणी शेवटच्या मिनिटाला
बरोबर उत्तर खोडून चूक केलेली.
तिचं मला फार वाटलं,
कारण सत्ताविसाव्या प्रश्नात मीही तेच केलं.
बाकीचे पंधरा मला दिसेनात.
ते तिथे उभे होते, इतकंच.

"तुला डेंटल मिळेल," मी म्हणाले.
"तुलाही मिळेल," ती म्हणाली, जरा लवकरच.
चाग्लाचा पाचशेच्या वरचा आकडा
तोवर खालच्या गावातून वर पोचला होता,
हेडमास्तर फाटकाची मापं घेत होते म्हणे, फलकासाठी.

ऑगस्टच्या शेवटी व्यापारी येतो.
पोत्यात हात घालतो, मूठभर काढतो,
फोडतो, गर तोलतो.
त्या मुठीवर सगळ्या पोत्याचा भाव.
बाबा दरवर्षी म्हणतात,
"खालचा बघा की साहेब, खालचा चांगलाय."
व्यापारी दरवर्षी पावती फाडतो.
मी लहानपणी त्या मुठीतल्या बिया
नंतर वेचून खायचे.
इतरांसारख्याच लागायच्या.

ओउलजान चहा घेऊन आला.
त्याचा फोन सकाळपासून
साखरेच्या डब्याशेजारी पालथा पडलाय,
त्याची आई तीनदा दारापर्यंत येऊन गेली.
"तुझा?" सिलानूरने विचारलं.
"पाणी उकळतंय," तो म्हणाला,
आणि तरी आत गेला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं,
आम्ही दोघी बाकाच्या दोन टोकांना बसलोय.
कधी सरकलो, कुणी आधी,
आठवेना.
मधे एका माणसाची जागा होती.
ओउलजानने ट्रे जमिनीवर ठेवला
आणि ओला हात पँटला पुसत
तिथेच बसला.